पंचा खांद्यावर

"शेपू, चुका, पोकळा. शेपू, चुका, पोकळा. भोपळा, भोपळा."

माईक लावून झाला की आप्पा एवढंच बोलायचे. दौंडातले बाकीचे लाऊडस्पीकरवाले 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' म्हणायचे. आप्पांना ते पटत नसे. "हॅलो म्हणून काय कळतंय? शेपू म्हटल्यावर कर्णा सुसकारला न्हाई पायजे, चुका म्हटल्यावर चरचरला न्हाई पायजे, आन् भोपळा म्हटल्यावर फुंकर बसली न्हाई पायजे. भाजीत समदं कळतं."

मांडवातलं एखादं टारगट पोरगं हमखास ओरडायचं, "आप्पा, शेपूची जुडी कशी दिली?"

आप्पा माईकवरूनच उत्तर द्यायचे, "आईला विचार. काल तूच निवडत बसला हुतास की!"

मांडव हसायचा. आप्पा हसायचे नाहीत. तो हसण्याचा आवाज कर्ण्यातून कसा आला, तेवढं ऐकायचे आणि वायर गुंडाळायला लागायचे.

मला लोक विचारतात, बाई असून तुम्ही रेकॉर्डिंगच्या लाइनीत कशा आलात? विचारणाऱ्याला संघर्षाची वगैरे गोष्ट हवी असते. माझं उत्तर सरळ आहे. बायका मागं बसायच्या म्हणून आले.

हे सत्तरच्या दशकातलं. आम्ही मूळचे खुटबावचे, पण वडील रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर, म्हणून दौंडात राहायचो. मी मॅट्रिक होऊन घरात बसले होते. आमच्या बौद्ध वस्तीत जयंतीचा कार्यक्रम झाला. भाषणं झाली, गायन पार्टी झाली. मांडवात पुढं पुरुष, मागं बायका. आम्हा बायकांना भाषणातलं एक अक्षर धड कळलं नाही. नुसतं घूं घूं. सकाळी मी तणतणत लाऊडस्पीकरवाल्याला शोधायला निघाले. कर्ण्यावर लाल रंगात फक्त 'दौंड' लिहिलेलं होतं. मालकाचं नाव नाही, दुकानाचं नाही. विचारत विचारत स्टेशनाच्या रस्त्यावर एका खोलीत पोचले. दाराशी एक उंच, वाळकुडा माणूस वायरची गुंतवळ सोडवत बसला होता. डाव्या कानात कापसाचा बोळा, खांद्यावर पांढराशुभ्र पंचा.

"काल बायकांना काहीच ऐकू आलं नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान वाकडी करून उजवा कान माझ्याकडं केला. "परत बोल."

मी परत बोलले, जरा जोरात.

"बायांना? कुठं बसल्या हुत्या बाया?"

"मागं. नेहमी बसतात तिथंच."

ते वायर खाली ठेवून विचार करायला लागले. मला वाटलं होतं, वाद घालतील. पण ते म्हणाले, "खरं हाय तुझं. मी शेवटच्या माणसापाशी जाऊन ऐकतो, पण शेवटच्या गड्यापाशी. बायांच्या मागं जाऊन उभा राहिलो तर लोक जोड्यानं हाणतील. तू राहशील का उभी?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. आठवडाभरानं एका लग्नात मी बायकांच्या मागं उभी होते, हातात आप्पांनी दिलेला पंचा घेऊन.

त्यांची कामाची पद्धत अशी होती. कर्णे बांधून झाले आणि गर्दी बसली की आप्पा ॲम्प्लिफायरपाशी थांबत नसत. बटणाशी बायकोला, मालनकाकूंना, बसवायचे आणि स्वतः थेट गर्दीच्या शेवटाला जायचे. शेवटच्या माणसाला विचारायचे, "काय म्हणाला तो?" त्याला सांगता आलं तर ठीक. पंचा वर धरला की आवाज वाढवायचा. खाली, गुडघ्यापाशी धरला की कमी करायचा. खांद्यावर टाकला की हात काढून घ्यायचा, जमलं. एवढ्या तीन खुणांवर सगळा धंदा चालायचा. दुसऱ्या कुणी बटण फिरवलेलं त्यांना चालत नसे. पुढारी असो की नवरदेवाचा मामा, "आवाज वाढवा की जरा" म्हणत कुणी आला की आप्पा त्याला म्हणायचे, "तुमी पुढं बसलाय. तुमाला काय कळणार?"

मी आले तेव्हापासून दोन पंचे झाले. एक गड्यांच्या मागं, एक बायांच्या मागं. मालनकाकू बटणाशी बसून दोन्हीकडं बघायच्या. कधी आप्पांचा पंचा वर आणि माझा खाली असायचा. मग काकू वैतागून म्हणायच्या, "तुमी दोघं आधी ठरवा, मग मला सांगा." त्यावर आप्पांनी चारऐवजी सहा कर्णे बांधायला सुरुवात केली आणि त्यातले दोन बायकांकडं तोंड करून. दौंडात ते पहिल्यांदा झालं असेल. कुणी त्याबद्दल आप्पांचा सत्कार केला नाही. बायकांनी मात्र भाषणांवर मतं द्यायला सुरुवात केली, हे मी स्वतः ऐकलं आहे.

वडिलांना हे पसंत नव्हतं. "पोरगी मांडवामांडवात पंचा हलवत फिरती, लोक काय म्हणतील?" आप्पा घरी आले. ते माळ्याचे, कवठे येमाईचे. भावाची तिकडं फुलांची शेती होती. आमच्या वस्तीत त्या काळी बाहेरचं कुणी आलं तर चहाचा कप हातात धरून ठेवायचं आणि निघताना तसाच खाली ठेवायचं. आप्पांनी चहा प्यायला आणि आईला म्हणाले, "अजून घोटभर हाय का वयनी? आलं झकास पडलंय." वडिलांचा निम्मा विरोध तिथंच संपला. उरलेला निम्मा असा गेला:

"पोर रात्रीबेरात्री कुठं कुठं जाणार," वडील म्हणाले.

"माझी मालकीण असती की संगं. तिला घरी ठिवून म्या गेलो तर आल्यावर ती माझ्या डाव्या कानाशी बोलती."

"म्हणजे?"

"डाव्या कानानं मला ऐकू येत न्हाई. तिला वाटतं म्या ऐकतोय. लई भांडणं वाचतात."

वडील हसले. मी कामाला लागले.

आप्पा गोड माणूस नव्हते. चुकलं तर चारचौघांत बोलायचे. वायर ओढत नेली, उचलून नेली नाही, तर दिवसभर तोंड फिरवायचे. एकदा मी माईक टेबलावर आपटला तेव्हा म्हणाले, "त्याला कान हायेत. तुझ्या कानाखाली वाजवू का, म्हंजी कळंल?" वाजवली नाही. पण तेव्हापासून मी माईक तान्ह्या बाळासारखा ठेवते, आणि माझ्या हाताखालच्या मुलांना त्याच शब्दांत ओरडते.

त्यांचे दोन प्रसंग सांगते, मग मुद्द्याचं.

वडगाव रासाईला नदीकाठी लग्न होतं. नवरी निघायची वेळ. आप्पांनी पाठवणीच्या गाण्याची तबकडी लावली. नेमक्या तेव्हाच काठावरच्या सगळ्या शेतकऱ्यांनी पाण्याच्या मोटारी सुरू केल्या. व्होल्टेज पडलं. तबकडी मंद फिरायला लागली आणि त्या नाजूक गळ्याच्या बाईचा आवाज बघता बघता जाड पुरुषाचा झाला. रडणाऱ्या बायका थांबल्या, बघायला लागल्या. आप्पांनी माईक घेतला. "मोटारवाले पाव्हणं, उसाला घटकाभर थांबवा. न्हाईतर नवरी बुवाच्या आवाजात सासरला निघाली, असं गावात सांगतील." दोघं-तिघं हसत मळ्याकडं पळाले. मोटारी बंद झाल्या, गाण्यातली बाई परत बाई झाली, आणि रडणं पुन्हा सुरू झालं. घरी येताना आप्पा म्हणाले, "ध्यानात ठेव. मशीन हळू चाललं की आवाज जाड, जोरात चाललं की चिरका. आवाज म्हंजी वेळ हाय." मी पुढं या विषयावर बरीच इंग्रजी पुस्तकं वाचली. सुरुवात त्या उसापासून झाली.

दुसरा प्रसंग एका गावातला, नाव सांगत नाही. आदल्या दिवशी त्याच गावच्या आमच्या वस्तीत कार्यक्रम झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी देवळापुढं. माईक लावताना एक पुढारी जवळ आला आणि हळू आवाजात विचारता झाला, "आप्पा, ह्यो कालचाच माईक का?"

"व्हय."

"दुसरा न्हाई का?"

आप्पांनी उजवा कान पुढं केला. "परत बोला. जरा मोठ्यानं."

तो परत बोलला. आजूबाजूचे बघायला लागले.

"ह्यो धुता येत न्हाई बघा," आप्पा तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले. "पाणी लागलं की मरतो. तुमाला चालत नसंल तर काढून ठेवतो, तुमी नरडं ताणा. गाव लहानच हाय, जाईल आवाज."

माईक काढला नाही. तो पुढारी त्याच माईकवर बराच वेळ बोलला. मी बायकांच्या मागं उभी होते. मला आवाज जरा जास्त वाटला, मी पंचा खाली धरला. आप्पांनी पलीकडून बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खुणेकडं दुर्लक्ष करून आपला पंचा वरच धरून ठेवला.

आता मुद्द्याचं.

रेल्वेतला एक साहेब बदलून जाताना जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर विकून गेला. तो आप्पांनी घेतला. पेटीएवढं जड धूड. समोर एक हिरवा डोळा होता, काचेतला. आवाज आत गेला की त्या डोळ्याच्या पापण्या जवळ यायच्या. जवळजवळ मिटायला आल्या की बरोबर, पूर्ण मिटल्या की आवाज टेपवर फाटला. आप्पा त्या मशीनला 'मांजर' म्हणायचे. कामावरून आलं की आम्ही मांजरासमोर बसून काहीबाही भरायचो. मालनकाकूंचं जातं, इंजिनाची शिट्टी, आप्पांची भाजी. मला त्यात जी गोडी लागली ती मांडवात कधी लागली नव्हती. आप्पांना ते दिसलं होतं.

त्या गणपतीत रेल्वे कॉलनीत पुण्याचा वाद्यवृंद आला. त्यांच्याबरोबर जे आवाजाचं बघायला आले होते ते पुण्यातल्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंग करायचे. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. ते मला पंचा हलवताना बघून आप्पांना म्हणाले, "ही कोण?"

"माझा मागचा कान," आप्पा म्हणाले. आणि लगेच, "तुमच्याकडं घेता का हिला?"

साहेब गोंधळले. "बाईला? आमच्याकडे हे काम बायकांनी केलेलं नाही."

"आमच्याकडं तरी कुठं केलं हुतं?"

साहेबांनी विचार केला. "दिवाळीनंतर मला एक माणूस घ्यायचा आहे. हिनं स्वतःच्या हातानं भरलेली एक टेप घेऊन या. आवडली तर बघू. दिवाळीच्या आत मात्र."

ते गेल्यावर मी आप्पांना विचारलं, "मला घालवायला निघालात का?"

"व्हय," ते म्हणाले. "माझं दुकान उद्या पुतण्याचं. त्यो तुला बटणाला हात लावू देणार न्हाई. मांडवात पंचा हलवून बाईचा जलम जात न्हाई. आन् तुझा बाप तुला टायपिंगला घालायचं बघतोय, ते मला म्हाईत हाय."

ते खरं होतं. दिवाळीनंतर मी टायपिंगच्या क्लासला जाणार, हे घरात ठरलं होतं. टायपिंग वाईट नाही. माझ्या मैत्रिणींची घरं त्यावर उभी राहिली. पण मला मांजराचा डोळा बघितल्यावर दुसरं काही सुचत नव्हतं. ती टेप जमली तर स्टुडिओ, नाही तर टायपिंग. एवढं साधं होतं.

टेप कुणाची करायची, यावर आमचं एकमत होतं. खुटबावच्या कौसाबाई. पन्नाशीच्या, भाजीच्या मळ्यात रोजानं जाणाऱ्या, आणि आमच्या पंचक्रोशीतल्या गायन पार्टीच्या मुख्य गायिका. त्यांच्या गाण्याची तऱ्हा वेगळी होती. पहिल्या दोन ओळी शेजारणीशी बोलावं तशा, अगदी खाली. मांडव कान टवकारून पुढं सरकायचा. आणि तिसऱ्या ओळीला अचानक असा आवाज टाकायच्या की मागं झोपलेली पोरं उठून बसायची.

दौंडात रेकॉर्डिंग शक्य नव्हतं. यार्डात इंजिनं दिवसभर शिट्ट्या मारायची. खुटबावला माझ्या चुलत्यांच्या वस्तीवर मोटारीसाठी वीज आलेली होती. तिथला गोठा आम्ही घेतला. दोन बाजूंनी कडबा रचलेला होताच, तिसऱ्या बाजूला गोधड्या टांगल्या. गावातली पिठाची गिरणी बंद असते तो वार निवडला. गाड्यांच्या वेळा आप्पांना तोंडपाठ होत्या. म्हशी बाहेर बांधल्या. पेटीवाला आणि ढोलकीवाला येऊन बसले.

कौसाबाई आल्या, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाल्या, "कर्णा कुठाय?"

"आज कर्णा न्हाई," आप्पा म्हणाले. "आज हितं म्हणायचं. ह्या मशीनसाठी."

"मग म्या ऐकवू कुणाला? म्हशी तर बाहेर बांधल्या."

त्यांनी प्रयत्न केला. पण गाणं उठेना. ओळ म्हणायच्या आणि थांबायच्या, जणू पुढचं पाऊल टाकायला जमीन सापडत नाही. आयुष्यभर त्यांनी कर्ण्यातून लांब जाणारा आपला आवाज ऐकत गायलं होतं. तो जाऊन कुठं तरी आदळतो आहे, हे कळल्याशिवाय त्यांना पुढची ओळ घेता येत नव्हती. "कर्णा गप हाय म्हंजी म्या मेल्यागत वाटतंय," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आप्पा उठले. सायकलला कर्णा बांधलेला असायचाच. तो घेऊन विहिरीपाशी गेले, लिंबाला बांधला, तोंड पलीकडं, रिकाम्या शेतांकडं केलं. एक माईक त्याला, एक मांजराला. "म्हणा आता." कौसाबाई एक ओळ गुणगुणल्या. ती लांब शेतावरून फिरून परत आली. त्यांनी पदर खोचला. "हं. आता हाय कुणीतरी."

गाणं सुरू झालं. बटणाशी आप्पा बसले होते. परीक्षा माझी होती, पण माझ्या परीक्षेला त्यांना धीर नव्हता. पहिली ओळ, नेहमीसारखी खाली. हिरवा डोळा सताड उघडा. आप्पांचा हात बटणाकडं गेला.

"आप्पा, नका. त्या पुढं चढणार आहेत."

"शेवटच्या माणसाला ऐकू येत न्हाई हे," ते पुटपुटले आणि आवाज वाढवला. दुसरी ओळ. अजून थोडा वाढवला. मग तिसरी ओळ आली. डोळा खाडकन मिटला तो मिटलाच.

आम्ही टेप परत लावून ऐकली. तिसऱ्या ओळीला पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज येत होता. कौसाबाई म्हणाल्या, "माझा आवाज असला हाय?"

आप्पांनी मान वाकडी करून, उजवा कान लावून ते पुन्हा ऐकलं. "न्हाई बाई," ते म्हणाले, "तुमचा सोन्यासारखा हाय. म्या फाडला."

त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. शेवटचा माणूस, शेवटचा माणूस म्हणत त्यांनी सगळं आयुष्य काढलं होतं आणि त्या गोठ्यात तो नव्हताच. ज्याच्यासाठी ते आवाज वाढवत होते त्या जागी फक्त कडबा होता.

कौसाबाई दुसऱ्या दिवशी लेकीच्या बाळंतपणाला निघणार होत्या. दिवाळीच्या आत दुसरी संधी नव्हती. मी म्हणाले, "मावशी, अजून एकदा म्हणाल का?"

"घसा म्हंजी काय मोटार हाय का गं, बटण दाबलं की सुरू? गुळाचा चहा कर आधी."

चहा झाला. पुण्याकडची गाडी गेली. आप्पा बटणासमोरून उठले आणि मला म्हणाले, "बस."

"आणि तुम्ही?"

"म्या हितं बसलो तर हात जाईल. लांब बसलो तर पंचा वर जाईल." त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, डोक्याला घट्ट गुंडाळला आणि गाठ मारली. "आता हाताला गावणार न्हाई." ते विहिरीपाशी कर्ण्याशेजारी जाऊन उभे राहिले. एकदा मागं वळून बघितलं, मग आमच्याकडं पाठ केली.

पहिली ओळ. हिरवा डोळा उघडाच. माझा हात बटणावर होता आणि मी तो हलवला नाही. हे वाचायला सोपं वाटेल. समोर एवढी मोठी गायिका कुजबुजते आहे, मशीन म्हणतंय की जवळजवळ काही भरलं जात नाही, आणि आपण गप्प बसायचं. दुसरी ओळ. मी गोठ्याच्या दारातून आप्पांची पाठ बघत होते. तिसरी ओळ आली. पापण्या एकमेकींच्या अगदी जवळ आल्या, थरथरल्या, आणि टेकल्या नाहीत.

पुण्याला आप्पा माझ्याबरोबर आले. धुतलेलं धोतर, टोपी, खांद्यावर पंचा. साहेबांनी टेप लावली, डोळे मिटून ऐकली. मध्येच म्हणाले, "मागे कुठे तरी हाच आवाज बारीक परत येतोय. काय आहे ते?"

"कर्णा," मी म्हणाले. "शेतात लावला होता. त्याशिवाय त्यांना गाता येत नव्हतं."

"म्हणजे रेकॉर्डिंगला लाऊडस्पीकर?" साहेबांनी डोळे उघडले. "हे बरोबर नाही. पुन्हा करायचं नाही." टेप पुढं चालली. ती तिसरी ओळ आली. संपल्यावर साहेबांनी ती ओळ परत लावली. "बटणावर कोण होतं?"

"ही," आप्पा म्हणाले. "म्या पाठ करून हुतो."

ते का, हे साहेबांनी विचारलं नाही. ते आम्हाला स्टुडिओ दाखवायला घेऊन गेले. भिंतींना गाद्या लावल्यासारखी खोली. आप्पांनी आत जाऊन टाळी वाजवली. ती जिथल्या तिथं मेली. ते चटकन बाहेर आले. "साहेब, हितं शेवटचा माणूस कुठं उभा राहतो?"

"तो त्याच्या घरी असतो," साहेब म्हणाले. "आवाज कमी-जास्त करायचं बटण त्याच्याच हातात असतं."

"मग आपलं काम काय?"

"न फाडता त्याच्यापर्यंत पोचवायचं."

आप्पांना ते इतकं आवडलं की परतीच्या गाडीत त्यांनी ते एका अनोळखी भाजीवाल्याला समजावून सांगितलं. दौंड आल्यावर उतरताना मला मात्र एवढंच म्हणाले, "बापाला सांग, टायपिंगची पोर गेली म्हणून." दिवाळीनंतर मी कामावर रुजू झाले. पहिलं वर्ष वायरी उचलण्यात गेलं. ओढण्यात नाही, उचलण्यात. त्याबद्दल तिथं मला कुणी बोललं नाही, कारण ते आधीच बोलून झालं होतं.

त्यानंतर आप्पांची गाठ सणासुदीलाच पडायची. दुकान पुतण्याकडं गेलं होतं. उजव्या कानानंही कमी ऐकू यायला लागलं होतं. माझं काम वाढत गेलं. मी बटणाशी एकटी बसायला लागले.

त्यांना शेवटचं पाहिलं ते शिरूरला. दशक संपत आलं होतं. कौसाबाईंचा आवाज साहेबांच्या डोक्यात बसला होता, आणि आमच्या स्टुडिओनं त्यांच्या पार्टीचा कार्यक्रम मैदानावर गर्दीसकट भरायचं ठरवलं होतं. कर्णे शिरूरच्याच माणसाचे होते. त्यांचं आणि टेपचं, दोन्ही बटणं माझ्याकडं होती. ऊन कलत होतं. पुढं पुरुष, मागं बायका, तेव्हाही तसंच. मी माईकवर भाजी म्हणून घेतली, पोरं हसली.

कौसाबाईंनी पहिली ओळ घेतली, खाली, शेजारणीशी बोलावं तशी. मी सवयीनं गर्दीच्या शेवटाकडं बघितलं. बायकांच्याही मागं, सगळ्यात शेवटी, एक उंच वाळकुडा म्हातारा उभा होता. आता त्या वयात त्यांना तिथं उभं राहायला कुणी हरकत घेत नव्हतं. त्यांनी मला बघितलं. खांद्यावरचा पंचा काढला आणि वर धरला.

वाढव.

मी मान हलवली. नाही.

त्यांनी पंचा अजून वर धरला, पूर्ण हात ताणून. दुसरी ओळ सुरू झाली होती. मी बटणावरचा हात उचलून त्यांना दिसेल असा वर केला, परत मान हलवली आणि हात पुन्हा बटणावर ठेवला.

मग आप्पांनी पंचा खाली घेतला आणि माझ्याकडं पाठ केली.

तिसरी ओळ आली. मैदान हललं. माझ्यासमोरच्या टेपरेकॉर्डरवरचा काटा उठला आणि लाल खुणेच्या अलीकडं थांबला. मी वर बघितलं. आप्पा खाली वाकले होते. त्यांच्या पायाशी, सगळ्यात मागं, एक म्हातारी बसली होती. त्यांनी तिच्या तोंडाजवळ उजवा कान नेऊन काहीतरी विचारलं. ती हातवारे करत बराच वेळ सांगत राहिली. बहुतेक सगळं गाणंच सांगितलं असावं.

आप्पा सरळ झाले. माझ्याकडं वळले नाहीत. पाठमोऱ्यानंच त्यांनी पंचा झटकला, खांद्यावर टाकला, आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागले.

मी बटणावरचा हात काढून घेतला.